दारात थांबलेली यशवंतपूरची बस

बाळांनो,

गेल्या रविवारी आपलं फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं. आमच्या रस्त्यावर पुन्हा खणायला लागले आहेत, आणि त्या यंत्राच्या धडधडाटात तुमचं एक वाक्य धड ऐकू येईना. धाकटी ओरडून म्हणाली, "आजी, तू तक्रार का करत नाहीस? तुला तर इतकी छान पत्रं लिहिता येतात!" मी नुसतं "बघू" म्हटलं. रस्त्याच्या कामाबद्दल मी एकदा खरोखर पत्र लिहिलं होतं, आणि त्याची हकीकत फोनवर सांगण्याइतकी छोटी नाही. आज सकाळची कामं लवकर आटोपली, म्हणून लिहायला बसले आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तुमचा बाबा तेव्हा कॉलेजात जात होता. आपलं घर तेव्हाही इथेच, बंगळूरच्या चामराजपेटेत होतं. घरात आम्ही चौघं: तुमचे आजोबा, बाबा, मी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे तुमची पणजी. मी त्यांना 'आई' म्हणायची. तीन वर्षांपूर्वी त्या न्हाणीघरात पडल्या होत्या. हाड सांधलं, पण उजवा गुडघा वाकेनासा झाला. पाय कायमचा सरळ राहिला. सपाटीवर काठी घेऊन त्या चालत, लहानशी चढणही चढत, पण उंच पायरी चढता येत नसे. ऑटोत तो पाय मावत नसे, मोटारीत वाकून शिरता येत नसे. बसमध्ये पुढच्या दाराशी बायकांची लांब सीट असे, तिच्यावर पाय पसरून बसता आलं असतं. पण बसचा थांबा लांब आणि बसची पायरी त्याहून उंच. थोडक्यात, तीन वर्षं त्या फाटकाच्या बाहेर गेल्या नव्हत्या.

त्यांना जायचं होतं ते एकाच ठिकाणी. यशवंतपूरला, बाजाराच्या मागच्या गल्लीत, त्यांची थोरली बहीण मुला-सुनेजवळ राहत होती. तिला सगळे 'अक्का' म्हणत. अक्का ऐंशीच्या पुढे होत्या आणि कानांनी पार बहिऱ्या झाल्या होत्या. फोनवर "कोण? कोण?" असं चारदा विचारून ठेवून द्यायच्या. म्हणजे भेटल्याशिवाय बोलणं नाही, आणि भेटणं तर बंद झालेलं.

मग अक्का इकडे का येत नव्हत्या, असं तुम्ही विचाराल. एका दिवसात येऊन परत जाणं त्यांना झेपत नव्हतं, रात्री मुक्काम करावा लागला असता. आणि मुक्काम त्या करणार नव्हत्या. आई लहान असतानाच त्यांची आई गेली. अक्कांनी त्यांना वाढवलं, आणि लग्नात आईच्या जागी बसून कन्यादानही केलं. आपल्या जुन्या घरांत आईने लेकीच्या सासरी मुक्काम करायचा नाही, असा नेम होता. अक्कांनी तो पन्नास वर्षं पाळला. चहा प्यायल्या, कधी जेवल्याही, पण या घरात एक रात्र राहिल्या नाहीत.

अशात मोठ्या रस्त्यावर गटाराचे नळ घालायचं काम निघालं. काम दिवसाच चाले. सकाळी रस्ता बंद व्हायचा, संध्याकाळी खड्ड्यांवर लोखंडी पत्रे टाकून मोकळा व्हायचा. दिवसभर मार्केटहून निघणाऱ्या सगळ्या बसेस आपल्या छोट्या रस्त्यावरून वळवल्या. त्यात एक फाटा आपल्या रस्त्यालाही खणला. चर पलीकडच्या बाजूला, आणि त्यातून निघालेली माती आपल्या फाटकाशी. मध्ये एकच गाडी जाईल एवढी वाट राहिली. समोरून ऑटो, हातगाड्या येत, म्हणून दोन्ही टोकांना माणसं उभी केली. आपल्या टोकाला एक बाई होती, उत्तर कर्नाटकातून कामाला आलेली, डोक्यावर पदर, एका हातात लाल फडकं, दुसऱ्यात हिरवं. ती लाल दाखवायची आणि बस नेमकी आपल्या फाटकासमोर थांबायची. कधी दोन मिनिटं, कधी दहा.

धूळ, भोंगे, धूर. पडदे आठवड्यातून दोनदा धुवावे लागत. शाळेच्या रिक्षा उशिरा येत. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी सही करायला कागद आणला, पण मजकूर लिहायला माझ्यापुढेच ठेवला. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे सगळ्या गल्लीचे अर्ज माझ्याकडेच येत. मी मनापासून लिहिलं. मुद्दे क्रमाने मांडले, शाळकरी मुलं, आजारी माणसं, दुकानदार, सगळ्यांची अडचण सांगितली, काम त्वरेने संपवावं अशी विनंती केली आणि कार्बन कॉपी फाइलला लावली. गल्लीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या. आईंनीही केली.

पत्र टाकल्याला आठवडाही झाला नसेल. मी खिडकीजवळ भाजी निवडत होते. बाहेर बघते तर आई काठी टेकत मातीच्या ढिगावर उभ्या! येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी तो ढीग तुडवून घट्ट झाला होता आणि फाटकाच्या बाजूने त्याला छान उतार पडला होता. त्यांच्या अगदी शेजारी बस थांबलेली. ढिगाचा माथा आणि बसच्या दाराची वरची पायरी एका पातळीत, मध्ये वीतभर फट. कंडक्टर दारात उभा राहून थट्टेने बोलावत म्हणाला, "बन्नी अज्जी, यशवंतपुरा!"

आईंनी त्याच्याकडे पाहिलं. "खरंच यशवंतपूरला जाते?"

"बोर्ड बघा की."

त्यांनी बोर्ड बघितला, काठी आधी आत टाकली, आणि मागून स्वतः आत गेल्या.

मी हातातली भाजी टाकून, पर्स उचलून धावले. "आई! अहो आई! घरच्या साडीत आहात!"

"मग तू काय पैठणी नेसली आहेस?" त्या आतून म्हणाल्या. "येतेस की नाही?"

हिरवं फडकं हललं. मी चढले आणि बस सुटल्यावर लक्षात आलं की दार सताड उघडं राहिलं आहे. खिडकीतून त्या झेंडेवालीला ओरडून सांगितलं, "घराकडे स्वल्प लक्ष ठेव!" तिने मान हलवली. ना तिची ओळख, ना नाव ठाऊक. त्या सबंध प्रवासात मला धाकधूक होती, आणि आईंना अजिबात नव्हती.

यशवंतपूरला बस शेवटच्या थांब्यावर बराच वेळ उभी राहते. कंडक्टरने पोराटोरांना मागे सारलं, समोरच्या हॉटेलातलं स्टूल आणवलं, आणि "निधान अज्जी, निधान," म्हणत त्यांना सावकाश उतरवलं. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं, पुन्हा ताटात बघितलं, आणि पुन्हा वर बघितलं.

"पाय कुठे ठेवून आलीस?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

"आणलाय. हा बघ, सरळ झालाय. तुझ्यासारखा वाकडा नाही."

मग दोघी हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मी आणि अक्कांची सून आत जाऊन उगीच चहा करत बसलो.

परत येताना अडचण आली नाही, कारण आमच्या त्या कंडक्टरने युक्ती सांगितली. यशवंतपूरहून येणारी बस दुसऱ्या रस्त्याने मार्केटला जायची. तिथे न उतरता तसंच बसून राहायचं. पुढच्या फेरीला तीच बस आपल्या दारावरून जायची. फक्त संध्याकाळी मोठा रस्ता मोकळा होण्याआधी पोचायचं. आम्ही पोचलो तेव्हा फाटकाशी तुमचे आजोबा उभे होते, फाटकाच्या बाहेर! दुपारी ते जेवायला आले, तर झेंडेवालीने त्यांना आत सोडलं नव्हतं.

"मी घराचा मालक आहे म्हणून सांगितलं," ते म्हणाले, "तर म्हणते, मालकीणबाईंनी तुमचं नाव घेतलं नाही."

आई ढिगावर उतरल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बरोबर केलंस गं." आजोबांना त्या दिवशी चार वाजता जेवण मिळालं. त्या बाईला मी दुसऱ्या दिवसापासून आपल्याबरोबर चहा देऊ लागले. तो मी फार आधीच द्यायला हवा होता.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा आम्ही जाऊ लागलो. कधी मी, कधी तुमचा बाबा. झेंडेवाली आईंना 'अव्वा' म्हणायची आणि त्या नीट आत बसल्याशिवाय हिरवं फडकं हलवायची नाही. मागच्या गाड्या कितीही भोंगे वाजवू देत. तीन वर्षं जेमतेम जेवणाऱ्या आई सकाळी डबा भरायला स्वतः बसू लागल्या.

आणि एक दिवस रस्त्याचे इंजिनीअर दारात आले. हातात माझ्या पत्राची प्रत. "मॅडम, तुमचं पत्र वर गेलं आणि वरून आमच्या डोक्यावर आलं," ते हसून म्हणाले. "जादा माणसं लावली आहेत. शनिवारी बुजवायला घेतो. शुक्रवार बसचा शेवटचा दिवस."

गल्लीत माझं कौतुक झालं. मास्तर मुद्दाम अभिनंदन करायला आले. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय पसरून ऐकत होत्या. ते गेल्यावर म्हणाल्या, "तुझं इंग्रजी फारच चांगलं आहे, हो."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. त्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा, काम सावकाश करा, असा अर्ज लिहायला घेतला. दोन ओळींपुढे गेलाच नाही. पहिल्या पत्रात लिहिलेलं सगळं खरंच होतं. मुलांना शाळेला उशीर होत होता, कोपऱ्यावरच्या कापडवाल्याचं गिऱ्हाईक तुटलं होतं. एका घरच्या सुखासाठी सगळ्या पेटेला धूळ खायला लावायची, हे मला लिहिता येईना. मी कागद फाडला. पण शुक्रवारनंतर आई अक्कांना पुन्हा दिसणार नाहीत, हेही तितकंच खरं होतं.

शुक्रवारी मी बरोबर गेले. दोघी दिवसभर शेजारी बसून होत्या. आई एकदाही 'तू चल' म्हणाल्या नाहीत. लेकीने आईला सासरी राहायला बोलवायचं नाही, हाही त्याच नेमाचा भाग. निघायला तासभर राहिला तेव्हा मी अक्कांच्या नातीची वही मागून घेतली. अक्कांना ऐकू येत नव्हतं, पण वाचता येत होतं, फक्त कन्नड अक्षरं. इथल्या आपल्या जुन्या मराठी घरांतल्या बायकांची शाळा कन्नडच. म्हणून मी आपली मराठी कन्नड अक्षरांत, मोठी मोठी काढून लिहिली:

'अक्का, लेकीच्या सासरी राहू नये हे मला मान्य आहे. पण लेकीचे सासू-सासरे आता नाहीत. ते घर आता माझं आहे, आणि मी सून आहे. सुनेच्या घरी राहू नये असा नेम कुठेच नाही. आजच्या बसने माझ्या घरी राहायला चला.'

आईंनी माझ्या खांद्यावरून वाचलं. "तुझं घर? असं? कधीपासून?"

"आई, आत्ता जरा गप्प बसा ना," मी म्हटलं. असं मी त्यांना आधी कधी बोलले नव्हते, नंतरही नाही.

अक्कांनी कागद दोनदा वाचला. मग आपल्या सुनेपुढे धरला. ती शहाणी बाई. वाचून उठली आणि अक्कांची ट्रंक काढून त्यात लुगडी भरायला लागली.

अक्का माझ्याकडे बघत म्हणाल्या, "वकिलीण आहेस तू. आठ दिवस. जास्त नाही."

"सरी, बरं," मी मान डोलावून म्हटलं. त्यांना ऐकू आलं नाही, पण मान कळली.

त्या संध्याकाळी बस आपल्या दारात आली तेव्हा पलीकडची माणसं अवजारं गोळा करत होती. आई आधी ढिगावर उतरल्या आणि मागे वळून त्यांनी हात पुढे केला. अक्का दारातच थबकल्या. पन्नास वर्षांचा नेम, मी समजू शकते. मागे भोंग्यांचा कल्लोळ. एक ऑटोवाला ओरडला, "काय देवी उतरते आहे का?"

"हो," झेंडेवाली ओरडली, "दोन उतरताहेत. थांब!" आणि लाल फडकं त्याच्या नाकासमोर धरलं.

अक्कांनी पाऊल टाकलं. कंडक्टरने ट्रंक उतरवून दिली, दोन बोटं कपाळाला लावली, आणि बस गेली. सोमवारपर्यंत माती चरात गेली होती आणि झेंडेवाली कुठल्यातरी दुसऱ्या रस्त्यावर. तिला धन्यवाद मी चहाच्या कपाने जेवढे दिले तेवढेच.

अक्का आठ दिवसांसाठी आल्या आणि चार वर्षं राहिल्या. पुढच्या खोलीत दोघींच्या खाटा एकमेकींना लावून होत्या. आई सगळं ओरडून सांगत, त्यामुळे आपल्या घरात काहीच गुपित राहिलं नाही. अक्कांचा मुलगा, सून, नातवंडं दर सुट्टीला त्यांना भेटायला येऊ लागली, आणि पुढे आमचीच वाटू लागली. अक्का आधी गेल्या, आई वर्षभराने. दोघी याच घरातून.

मी त्या पत्राची प्रत फेकली नाही, पण त्याचा अभिमानही धरला नाही. माणसं भली भेटली. माझी लिहिण्याची शिस्त त्यात कुठे उपयोगी पडली असेल तर अक्कांना लिहिलेल्या त्या शेवटच्या कागदापुरती.

अक्कांची ती सून आता माझ्याएवढीच म्हातारी आहे. गेल्या महिन्यात ती चार दिवस राहून गेली; पुढच्या महिन्यात मी जाणार आहे. यशवंतपूरच्या आणि आपल्या घराचं मुक्कामाचं येणंजाणं अजून चालू आहे.

तुमची आजी