अक्षता पडल्या का?

"घारापुरी सोमवारी बंद असते," बोटीच्या तिकिटाच्या खिडकीतला माणूस म्हणाला आणि माझ्या मागच्याकडे बघायला लागला.

चौसाळ्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अवघडून मी मुंबईला आलो होतो. मान आखडली होती, तोंड आंबलं होतं. मागे आत्या उभी होती. डोक्यावर पदर, काखेत पिशवी आणि पोटात कालपासून काही नाही, कारण सोमवार होता.

"काय म्हनतोय त्यो?"

"लेणी बंद आहेत आज. दर सोमवारी बंद असतात."

आत्यानं मला बाजूला सारून खिडकीत डोकं घातलं. "महादेवाला सोमवारची सुट्टी? कुनी दिली?"

तो हसला. मला हसू आलं नाही. मी रविवार म्हणत होतो. रविवारी माझ्या चौसाळ्यातल्या पाइपांच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं. पण आत्यानं हट्टच धरला, की महादेवाकडं जायचं तर सोमवारी, नाहीतर कशाला जायचं. बीडचा तिकीटवाला म्हणाला, कधीही जा, बोटी रोज सुटतात. आणि मीही, दुकानात पाइपाचा एक तुकडा तीनदा मोजणारा माणूस, चौकशी न करता निघालो. आम्हा बीडकडच्या माणसांना महादेव आणि सोमवार हे वेगळे करताच येत नाहीत. सोमवारी महादेवाचं दार बंद असेल ही शंकाच आमच्या डोक्यात येत नाही.

आता हा हट्ट कशासाठी, ते सांगायला पाहिजे.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं लग्न झालेलं नाही. म्हणजे ठरलं होतं, मांडव पडला होता, हळद लागली होती, वऱ्हाड आलं होतं. नांदूरघाटाकडच्या आमच्या गावात माझे आजोबा मोठे पुढारी. त्यांच्या शब्दाशिवाय गावात बोअरसुद्धा पडत नसे. थोरल्या लेकीच्या लग्नाला जिल्ह्यातला एक बडा नेता आशीर्वाद द्यायला येणार होता. मुहूर्त दुपारचा. मुहूर्ताची वेळ आली, नेता आला नाही. आजोबा म्हणाले, थोडं थांबू. भटजी म्हणाले, दुसरा मुहूर्त आहे अजून. तोही गेला. नवरदेव घोड्यावरून उतरून, परत चढून, परत उतरला. शेवटी नवऱ्याचा चुलता उठला आणि भर मांडवात म्हणाला, "तुमाला जावई मोठा का पुढारी मोठा, ते एकदा सांगा."

आजोबांना कुणी असं विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं.

वऱ्हाड ट्रकमध्ये बसून निघून गेलं. आणि दिवेलागणीला जीप आली. नेत्यानं उतरता उतरता विचारलं, "अक्षता पडल्या का?" कुणीच काही बोललं नाही. तो समजला, पडल्या. माइक हातात घेऊन त्यानं वधूवरांना सुखी संसाराच्या शुभेच्छा दिल्या, नवरदेव कुठंय हे विचारलंसुद्धा नाही, पंगतीत बसून बुंदी दोनदा मागून घेतली आणि गेला. त्या दिवशीचा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या आजोबांचा फोटो आमच्या गावाकडच्या बैठकीत अजून लावलेला आहे. फोटोत आजोबा खूश दिसतात.

त्यानंतर स्थळं आली, पण प्रत्येकाला आधी ती गोष्ट कळायची. आणि गावानं आत्याला नाव पाडलं, आंबेजोगाईची देवी. आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं, की आंबेजोगाईच्या देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, पण वऱ्हाडाला उशीर झाला, मुहूर्त टळला आणि सगळं वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. आंबेजोगाईला लेण्यात दगडाचे हत्ती आहेत, ते त्याच वऱ्हाडातले म्हणून दाखवतात. देवी तशीच राहिली. आत्याला या नावाचा राग आला असेल तर तिनं तो कधी दाखवला नाही. माझी आई गेल्यावर तिनं मला वाढवलं. मला मात्र त्या नावाचा राग यायचा. अजून येतो.

मग कुणीतरी तिला मोबाइलवर एक प्रवचन ऐकवलं. त्यात महाराज म्हणाले, मुंबईजवळ समुद्रात घारापुरी म्हणून बेट आहे, तिथं शंकर-पार्वतीच्या लग्नाचं लेणं कोरलेलं आहे. लग्न लागतानाचं. आत्या त्या दिवशी जेवताना मला म्हणाली, "माज्या अंगावर एक लेनं चढलं न्हाई. दगडातलं तरी बघू दे."

मी तिकिटं काढली.

तर सोमवार असा गेला. पनवेलला मेव्हण्याच्या घरी राहिलो, परतीची बस मंगळवारच्या संध्याकाळवर ढकलली. आत्यानं उपास सोडला नाही. महादेव बघितल्याशिवाय सोडायचा नाही म्हणाली. मेव्हण्याची बायको शेंगदाण्याचे लाडू पुढं करत राहिली आणि आत्या नको नको म्हणत राहिली. माझी चिडचिड झाली. कुणावर चिडायचं ते कळेना म्हणून मी मेव्हण्याच्या नळाची गळती दुरुस्त केली.

मंगळवारी सकाळी आम्ही एका गाईडच्या सहलीत नाव घातलं. बोटीनं नेणार, लेणी फिरवून माहिती सांगणार, बोटीनं आणून सोडणार. गाईड गॉगलवाला, गळ्यात शिट्टी. सगळ्यांना बोटीत बसवलं, डोकी मोजली, शिट्टी वाजवली. मला वाटलं, सुटलो.

बोट सुटेना. धक्क्याला लागून नुसती डुलत होती. डिझेलचा वास, ऊन, पोरांची रडारड. मी गाईडला विचारलं, काय झालं.

"पाच मिनिट, काका. साहेब येतायत."

"कोण साहेब?"

"आहेत एक. वरचा डेक त्यांच्या माणसांसाठी ठेवलाय."

पाच मिनिटं झाली. आणखी पाच झाली. गाईड फोनवर "हो साहेब, थांबलोय साहेब" म्हणत होता. माझ्या डोक्यात सणक गेली. तिकडं परतीच्या बोटीची वेळ ठरलेली, इकडं संध्याकाळची बस, आणि आमच्यामध्ये कुठला तरी साहेब नाश्ता करत बसलेला. गाईड म्हणाला, उशीर झाला तर तिकडं थोडं शॉर्टमध्ये घेऊ, मेन मूर्ती दाखवू आणि परतू. म्हणजे लग्नाचं लेणं गेलं. मला ओरडायचं होतं, पण मी नुसतं घड्याळ बघत राहिलो. राग फार झाला की माझं असंच होतं. मी आत्याकडं बघितलं. ती पिशवी मांडीवर घेऊन शांत बसली होती. ज्या बाईनं आयुष्यभर घरात आवाज चढवला नाही, तिच्याकडं बघून मला आणखीच चीड आली. वाटलं, हिला काहीच कसं वाटत नाही?

ती उठली. बोट हलत होती, तरी कशालाही न धरता उठली.

"ए दादा," ती बोटवाल्याला म्हणाली. "सोड नाव."

"आजी, साहेब..."

"मी लई थांबलेय साहेबासाटी. माजं एक लग्न गेलंय त्याच्यापायी. आता मी न्हाई थांबत. सोड. ज्याला यायचंय त्यो पवत यील."

मागून कुणीतरी हसलं, मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळी बोट ओरडायला लागली, सोडा, सोडा. मीही ओरडलो. गाईड शिट्टी वाजवून गप्प करायला बघत होता, ती शिट्टी सुटायची आहे असं समजून बोटवाल्यानं दोर सोडला की मुद्दाम सोडला, मला माहीत नाही. बोट निघाली.

धक्क्यापासून थोडं लांब आलो आणि पांढऱ्या कपड्यातली माणसं धावत आली. मधला एक जाड माणूस हात हलवत होता. आत्यानं त्याला लांबून दोन्ही हात जोडले आणि खाली बसली.

गाईड आमच्यावर जो फुगला तो फुगलाच. बेटावर उतरल्यावर पुढं पुढं चालायला लागला. पायऱ्या चढायच्या होत्या, दोन्ही बाजूंनी माळांची आणि टोप्यांची दुकानं, वर माकडं. आत्याचे गुडघे जुने. डोलीवाले मागं लागले तर त्यांना म्हणाली, "मला अजून उचलायची येळ आली न्हाई." आम्ही वर पोहोचलो तेव्हा गाईडचं अर्धं भाषण झालं होतं. तीन तोंडाच्या मोठ्या मूर्तीपुढं सगळ्यांना उभं करून तो हिंदीत पोर्तुगीजांनी मूर्तींवर केलेला गोळीबार, फोटो कुठून चांगला येतो, असं सांगत होता. मूर्ती खरंच मोठी होती. आत्यानं नमस्कार केला आणि मला कोपरानं ढोसलं. "लगीन कुठं हाय?"

मी गाईडला विचारलं.

"वो शादीवाला? छोडो काका, टूटा हुआ है. टाइम नहीं है."

माझा तोल गेला. दोन दिवस साठवलेलं सगळं त्याच्यावर काढलं. सोमवारच्या सुट्टीचा राग काढला, साहेबाचा काढला, आणि खरं सांगायचं तर माझ्या आजोबांचाही त्याच्यावरच काढला. तो बिचारा निमूट पुढं झाला आणि मोठ्या मूर्तीच्या बाजूच्या एका भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. "ये लो. कल्याणसुंदर."

तुटलेलं होतंच. शंकराचे हात गेलेले, पाय मांड्यांपासून उडालेले, पार्वतीचाही हात मोडलेला. मला तिथंच बसून घ्यावंसं वाटलं. ज्या लग्नासाठी एवढं केलं त्यातल्या नवऱ्याला नवरीचा हात धरायला हातच धड नाही. आत्यानं एवढ्या वर्षांनी एक गोष्ट मागितली आणि तीही मी तिला धड दाखवू शकलो नाही.

आत्या मात्र जवळ गेली. पदर सावरून, वर मान करून, लग्नघरात पाहुणे ओळखत फिरावं तशी एकेक मूर्ती बघायला लागली. "ह्यो खाली बसलाय त्यो कोन?"

"ब्रह्मदेव," गाईड आता परत मराठीवर आला होता. "भटजी म्हणून बसलाय."

"आन् ह्यो मागं? नवरीच्या पाठीशी?"

"तो पार्वतीचा बाप. हिमालय. पोरगी लाजते आहे ना, मान खाली आहे बघा. म्हणून तो तिला मागून हळूच पुढं सारतोय. चल, लग्नाला उभी राहा म्हणून."

आत्या त्या बापाकडं बघत राहिली. बाकी कुणाकडं बघेचना. गाईडनं घड्याळ बघितलं, पण थांबला.

"बघ की," ती शेवटी मला म्हणाली. "बाप सोता म्होरं सारतोय. कुनाचीच वाट बघंना झालाय."

मग तिनं पदराची गाठ सोडली. आत अक्षता होत्या. कुंकवात माखलेले तांदूळ, चौसाळ्याहून निघतानाच बांधून आणलेले. मला वाटत होतं, त्या गाठीत बेल असेल. तिनं अर्ध्या माझ्या हातात दिल्या. "म्हन."

"मला मंगलाष्टकं कुठं येतात, आत्या?"

"शेवटचं तर येतंय."

सहलीतले, अनोळखी लोक बघत होते. तरी मी म्हणालो, "शुभ मंगल सावधान," आणि आम्ही दोघांनी अक्षता टाकल्या. थोड्या पार्वतीपर्यंत गेल्या, बाकीच्या दगडी जमिनीवर पसरल्या.

रखवालदार लगोलग आला. "आजी, इथं काही टाकायचं नाही. उचला ते सगळं. पुढच्या बोटीनं साहेब येतायत, आत्ताच फोन आला, साफ पाहिजे."

मी वाकलो. राग येऊन येऊन मी थकलो होतो, आणि तो माणूस त्याचं काम करत होता. आत्यानं माझं मनगट धरलं.

"लग्नाच्या अक्षता कुनी येचीत असतंय का?" ती म्हणाली. मग पदराची मोकळी गाठ झटकून रखवालदाराकडं वळली. "येऊ द्या की साहेबाला. इचारलंच त्यानं तर सांगा, अक्षता पडल्या. आता नुसतं जेवायला या म्हनावं."