बिबड्यांसोबत बिऱ्हाड

धुळ्याहून आमचं बिऱ्हाड हललं तेव्हा ट्रकमध्ये सगळ्यात मानाची जागा बिबड्यांना होती, आणि त्यांच्या राखणीला मी होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एरंडोलच्या पुढे, तलावाकाठच्या एका छोट्या गावात नवीन कॉलेज निघालं होतं आणि मला तिथे प्राध्यापकाची नोकरी लागली होती. (घराण्यातला पहिला प्राध्यापक! आठवडाभर मी आरशासमोर 'विद्यार्थी मित्रहो' म्हणत होतो.) बायको, सुमन, खूश होती. माय मात्र खाटेवर पसरलेल्या बिबड्यांपाशी अडून बसली. ज्वारी भिजवून, दळून, शिजवून पापडासारखे थापलेले वर्षाचे बिबडे. त्यांना मे महिन्याचं आणखी एक ऊन हवं होतं.

"बठ्ठा बिबडा ओला शेतस," माय म्हणाली. "तलावना काठले ते वाळतीन का?"

ट्रक तर दारात उभा. शेवटी तोड मायनेच काढली. बिबड्यांची खाट सामानाच्या डोक्यावर चढली आणि खाटेशेजारी मी. एक जरी बिबडा उडाला तरी नव्या घरात पाऊल ठेवू देणार नाही, असं बजावून माय सुमनला घेऊन ड्रायव्हरशेजारी सावलीत बसली.

पारोळ्यापर्यंत मी बिबडे हातांनी धरले. पुढे वारा वाढला, तेव्हा पायांनीही धरले. बिबड्यांखाली अंथरलेल्या धोतराचा कोपरा फडफडायला लागला, तो अंगातल्या शर्टाने बांधला. डोक्याला टॉवेल गुंडाळला. एरंडोल येईपर्यंत माझं तोंड भरिताच्या वांग्यासारखं भाजून निघालं होतं.

गाव आलं. ट्रक तलावाच्या बांधावरून वळला आणि पाहतो तर काय, अख्ख्या गावाचे बिबडे त्या बांधावर ऐटीत वाळत पडलेले! मी केबिनवर थाप मारून मायला दाखवलं. तिने खिडकीतून एक नजर टाकली.

"आपला वाटमाच वाळनात," ती म्हणाली.

त्याहून वाईट पुढेच होतं. नव्या घराच्या दारात खुद्द प्राचार्य स्वागताला उभे! इस्त्रीचा सफारी, हातात गुलाबाचं फूल. फाटक्या बनियनमधला मी खाली उतरलो, तसं त्यांनी विचारलं, "प्राध्यापकसाहेब कुठे आहेत रे?"

लाज अशी वाटली की जीभ परस्पर बोलून गेली, "मागून एसटीने येताहेत."

"कसे आहेत स्वभावाने?"

"फार विद्वान," मी म्हणालो. (संधी आलीच होती.) "पण गर्व म्हणून नाही."

सुमनने तोंडात पदर कोंबला. आता ही सांभाळून घेईल असं वाटलं, तर तिने असं सांभाळलं: "ए भाऊ, ती कोठी आत घे. आणि पाटा-वरवंटा नीट ठेव."

लग्नाच्या नवऱ्याला भाऊ! प्राचार्य तर हलेचनात. ते मला पुस्तकांची पेटी जपायला सांगत राहिले, माय बिबड्यांतून मान वर काढेना, आणि विद्वानाचं सगळं बिऱ्हाड मी एकट्याने वाहिलं. साहेब काही आले नाहीत, तेव्हा गुलाब माझ्याच हाती देऊन प्राचार्य गेले.

दुसऱ्या दिवशी टाय बांधून रुजू व्हायला गेलो. टॉवेलाखालचं कपाळ गोरंपान, खाली वांगं. प्राचार्यांनी मला कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश न्याहाळलं.

"आपल्याबद्दल बरंच ऐकलंय," ते म्हणाले. "फार विद्वान आहात म्हणे."

मी टायकडे बघत राहिलो.

"गर्व नाही, असंही कळलं. मग रविवारी माझं कपाट हलवायला येता का?"

गेलो. न जाऊन सांगतो कोणाला?

नव्वदच्या दशकात ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी सगळ्यांचं कौतुक केलं. कोणाचं शिकवणं, कोणाचं संशोधन. माझं नाव आलं तसा मी ताठ बसलो. सुमनने मला कोपरानं ढोसलं. प्राचार्य क्षणभर आठवल्यासारखं करून म्हणाले, "आणि हे. कपाट उचलावं तर यांनीच."