क्लॉडियसभाऊंची माघार

निराश मतदारांची स्पर्धा भरली, तर अख्ख्या कर्जत-खालापुरातून माझ्या बायकोचे मामा बिनविरोध निवडून येतील. जन्मभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे हयात उमेदवारांवरचा त्यांचा विश्वास पार उडालेला. म्हणून निवडणूक लागली, की ते थेट प्राचीन रोममधून एखादा सम्राट उभा करतात आणि दारोदार त्याचा प्रचार करत फिरतात. रस्ते उखडले त्या वर्षी ट्राजन उतरवला, सार्वजनिक मुताऱ्यांसाठी व्हेस्पासियन. विधानसभेला मार्कस ऑरेलियस आणला. तत्त्वज्ञ माणूस, वाचन दांडगं. पण रंगात आलेला प्रचार मामांनी स्वतःच थांबवला. "गादी पोराला दिली हो त्यानं," चष्मा पुसत म्हणाले. "तिथंही घराणेशाही!" त्या आठवड्यात त्यांना जेवण गेलं नाही.

यंदा ग्रामपंचायत लागली आणि प्रश्न पाण्याचा होता. डोंगरावरून उतरून भिवपुरीला वीज करणारं पाणी मामांच्या आळीत मात्र यायला तयार नव्हतं. मामी दुखऱ्या गुडघ्यांनी टँकरवरून कळशा आणायच्या. मामा मदतीला गेले, की "तुम्ही सांडता" म्हणून परत पाठवायच्या. मामांनी क्लॉडियस काढला. लंगडा, बोलताना अडखळणारा, घरच्यांनी वेड्यात काढलेला. पण दूरच्या डोंगरातलं पाणी त्यानं रोमच्या चौकाचौकात आणून सोडलं. "जावईबापू, याचा फ्लेक्स करा," मामा म्हणाले. "आळीला कळू दे, करणारा असला की होतं."

कर्जतला माझं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि निवडणुकीच्या दिवसांत माझे हात डोक्याला विचारून काम करत नाहीत. त्याच्या संगमरवरी पुतळ्याच्या फोटोला मी सवयीनं गव्हाळ रंग दिला, अंगात पांढरा शर्ट, गळ्यात चेन, हात जोडलेले. वर 'भावी सरपंच', खाली शुभेच्छुक म्हणून मामांचा फोटो. क्लॉडियस इतका आपल्यातला दिसू लागला, की दुसऱ्याच दिवशी गावातले पॅनेलप्रमुख मामांच्या ओटीवर हजर. मामांचेच विद्यार्थी, इतिहासात दोनदा आपटलेले. मी तिथंच चहा पीत बसलो होतो.

"सर, हे क्लॉडियसभाऊ कुठले? फार्महाऊसवाले हायेत का?"

"रोमचे," मामा म्हणाले.

"असू दे बाहेरचे. पण आमची मतं फुटतात ना, सर! त्यांना माघार घ्यायला सांगा. पाईप ट्रॅक्टरात भरून ठेवलेत. उद्या तुमच्या आळीत पाणी. आईशप्पत!"

आतल्या दारात मामी उभ्या होत्या. हातातली कळशी त्यांनी हळूच खाली ठेवली. मी तेवढ्यात तोंड घातलं, "घेतील हो माघार! माझ्या शब्दाबाहेर नाहीत ते." आयुष्यात एकदाच रोमन साम्राज्य माझ्या मुठीत आलं होतं. मी मामांना डोळाही मारला. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं आणि वर्गात चुकीचं उत्तर ऐकल्यासारखे ताठ झाले.

"अरे गाढवा, तो मेलाय. दोन हजार वर्षं होत आली."

"वारले?" पॅनेलप्रमुखांनी आधी हात जोडले. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "म्हंजे मतं फुटत नाय?"

"नाही."

चहा तसाच ठेवून ते उठले. पाईप पलीकडच्या आळीत गेले.

त्यानंतर मामी मामांशी बोलेनात. मामांनी प्रचार सोडला, पेपर सोडला. मी गेलो, की भिंतीकडे तोंड करून "या" म्हणायचे. मतदानाच्या दिवशी मामी एकट्याच जाऊन आल्या. मामांनी दाराशी येऊन चाचरत विचारलं, "कुणाला दिलंस गं?"

मामी पायरीवर बसून गुडघ्याचा पट्टा सोडत होत्या.

"तुमच्या माणसाचं बटण नव्हतं," त्या म्हणाल्या. "शोधलं मी. मागची रांग ओरडत होती, तरी वरपासून खालपर्यंत शोधलं."

मामा खालच्या पायरीवर बसले आणि मामींच्या दुसऱ्या पायाचा पट्टा सोडू लागले.