बारा टक्क्यांच्या आत

प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या केमिस्ट बाईंनी नमुनेकाकांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या त्यांना चाळणीत घालायच्याच बेतात होत्या. खाणीच्या काठावर कोळशाचा ढीग होता; त्यातला अर्धा भाग शिंकला. मग त्या भागाला दोन डोळे फुटले आणि तो म्हणाला, "बाई, मी नमुना नाही. म्हणजे घरी म्हणतात तसं, पण तुमच्या यादीत नाही."

कोळशाचे नमुने गोळा करणं हे काकांचं काम. टेकडीएवढी माती उपसून ही पायऱ्यापायऱ्यांची खाण उघडायला तीन वर्षं लागली होती. आता पहिलं जहाज परदेशी निघणार होतं. गिऱ्हाइकाची अट एकच: कोळशातली राख बारा टक्क्यांच्या आत हवी. वर गेली तर माल परत आणि खाणीला कुलूप.

काकांचं यंत्र म्हणजे उजवा तळहात. ढेकूळ उचलायचं, तान्ह्या बाळासारखं वरखाली करायचं आणि निकाल द्यायचा. "जड लागलं की पोटात दगड समजायचा. दगड कुठला जळतोय? राख होऊन बसतो."

जहाज भरायच्या आदल्या दिवशी काकांनी तिसऱ्या पायरीवरचे चाळीस डंपर अडवले. मॅनेजर धापा टाकत आले.

"काका, तुमच्या हाताला काय वजनकाटा बसवलाय?"

"तीस वर्षं झाली बसवून, साहेब. हा माल घातलात तर जहाज रुसलेल्या जावयासारखं माघारी येईल."

"आणि हात चुकला असेल तर?"

"तर उद्यापासून मी घरी बसतो. फक्त आमच्या हिची परवानगी तुम्ही काढा."

ही परवानगी काढण्यापेक्षा तपासणी सोपी होती. बाईंनी तिसऱ्या पायरीचा आणि बाकीचा, दोन्ही कोळसे भट्टीत जाळले. तिसऱ्या पायरीची राख सतरा टक्के. बाकीच्या मालाची अकरा पूर्णांक आठ. बाईंनी धावत जाऊन कागद काकांच्या हातात ठेवला. चष्मा घरी राहिला होता. काकांनी कागद तळहातावर दोनदा उडवला.

"हलका आहे. पास."

त्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारातून जो जाईल त्याला बाई थांबवून सांगत होत्या, "आमच्या काकांचा हात हो." मॅनेजरांना तर त्यांनी दोनदा सांगितलं.

तो बाकीचा माल भरून जहाज गेलं. दीड महिन्याने परदेशातल्या एका वीजकेंद्रात तो कोळसा जळाला. राख अकरा पूर्णांक आठ टक्के निघाली. ती तिथल्या लोकांनी एका वाहनतळाखाली भरावाला घातली.