दुसरा पेला

माझी थोरली बहीण चर्चमधली प्रभुभोजनाची भांडी धुते. मागच्या खोलीत मोरी आहे, तिथं कोमट पाणी, मऊ फडकं आणि चांदीचा मोठा पेला. अख्खी मंडळी त्या एकाच पेल्यातून द्राक्षारसाचा घोट घेते. डॉक्टरीणबाई, हमाल, दुकानदाराची सासू, सगळे. पाळक कड पुसतात आणि पुढच्याच्या ओठांना लावतात. मी चर्चला जाते ती ताईच्या धाकानं, पण त्या पेल्यापुढं मीसुद्धा गप्प व्हायचे. खोटं कशाला बोलू?

तिचा मुलगा, आमचा दादू, सत्तावीस वर्षांचा झाला तरी पाच वर्षांचाच आहे. तोंडातून लाळ गळते. तो झाला आणि नवरा जो गेला तो गेलाच. "असलं पोर कशाला जगवतेस," इथवर नातेवाइकांनी मजल मारली. तेव्हा हे पाळक नवेनवे आले होते. घरी येऊन त्यांनी दादूला लाळेसकट मांडीवर घेतलं. म्हणाले, "उरल्यासुरल्या मातीतून देव कुणालाच घडवत नाही, बाई. याचं मोल माझ्याइतकंच आहे." त्या वाक्यावर ताईनं सगळी वर्षं काढली. कुणी नाक मुरडलं की तेच ऐकवायची. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

गेल्या रविवारी तिचा हात भाजलेला, म्हणून भांडी धुवायला मीही तिच्यासोबत मागच्या खोलीत गेले; एरवी मी घोट घेतला की घरी पळते. दादू नेहमीसारखा सगळ्यांत शेवटी, शेजारणीचा हात धरून घोट घ्यायला पुढं गेला होता; तोवर ताई दर रविवारी मोरीपाशीच असते. ट्रे आला. मोठ्या पेल्याशेजारी एक छोटा, स्टीलचा.

"हा कुणाचा गं?"

ताईनं तो उचलून पाहिला. कडेला लाळ होती.

पाळक आत आले आणि जागीच थबकले. "तुम्ही समजून घ्याल, बाई. लोक कुरकुर करतात. दोन घरं यायची बंद झाली."

"कधीपासून?" ताईनं विचारलं.

"दोन महिने. मीच धुऊन ठेवायचो. आज राहून गेला."

म्हणजे हा माणूस दोन महिने चोरून पेला धुवत होता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "डॉक्टरीणबाईंना सर्दी झाली तर त्यांनाही वेगळा देता का हो?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

ताई ओरडली नाही. "बाहेरच्यांचं मी ऐकून घेतलं," ती म्हणाली, "ते तुमच्या भरवशावर." पाळकांनी खाली पाहिलं. मला त्यांची दया नाही आली, अजूनही येत नाही.

तेवढ्यात दादू धावत आला. स्टीलचा पेला दिसताच त्याचा चेहरा खुलला. "माझा! पाळकबाबा मला एकट्यालाच देतात. बाकी कुण्णाकुण्णाला नाही!" पेला छातीशी धरून त्यानं आईकडं पाहिलं. "आई, तुला नाही दिला?"

"नाही रे," ताई म्हणाली. डोळे मात्र पाळकांवर रोखलेले. "पुढच्या रविवारपासून मला तुझ्यातलाच घोट दे."