ड्रॅगनपायी अडलेली रोवणी

“बाई, तो ड्रॅगन मेला का जगला, तेवढं सांगा अन् मले मोकळं करा.”

हे बोलणारे वामनभाऊ आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी ब्रह्मपुरीला ग्रंथपाल होते. भाऊंनी जन्मात कादंबरीला हात लावला नव्हता. जादूटोण्याची, पऱ्या-राक्षसांची पुस्तकं मी मोठ्यांच्या विभागात ठेवते, यावरून दर बैठकीत ते मला टोचायचे. आणि आज पायाचा चिखलही न धुता ते ड्रॅगनची चौकशी करत होते.

“झालं काय, भाऊ?”

“मायी रोवणी अडली. बाया बांधीत उतरून नाई राह्यल्या. तुमच्या पुस्तकापायी!”

त्यांच्या मागे दाराशी शेवंता उभी होती, मान खाली घालून.

शेवंता रोवणी, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी. दहावी झालेली, वाचनाची हावरी. उन्हाळ्यात ती मला म्हणाली होती, “बाई, लवकर संपनार नाई असं काही द्या.” असा वाचक भेटला की मला राहवत नाही. मला स्वतःला या पुस्तकांचं वेड आहे. बोलणारी झाडं, शापलेली गावं, डोंगराखाली झोपलेला ड्रॅगन. आपल्याला शंभर वेळा ठाऊक असतं की हे खोटं आहे, तरी पान उलटताना छातीत धडधडतं. मी तिला इंग्रजीतून मराठीत आलेली, तीन भागांची एक कादंबरी दिली. तिच्यातला ड्रॅगन सोनं साठवत नाही, माणसांचे आवाज गिळतो. गावंच्या गावं मुकी होतात. एका गिरणीवाल्याची मुलगी आपल्या आईचा आवाज परत आणायला निघते.

शेवंता घरी वाचायची आणि दुसऱ्या दिवशी बांधीत, म्हणजे बांध घालून पाणी धरलेल्या शेतात, रोपं लावता लावता बायांना सांगायची. एरवी त्या गाणी म्हणत. यंदा गाण्यांच्या जागी ड्रॅगन आला. बायांनी त्याचं नाव ‘भुजंगबुवा’ ठेवलं होतं म्हणे. दुसऱ्या भागाच्या शेवटी ती मुलगी ड्रॅगनच्या उघड्या जबड्यात पाऊल टाकते. तिथे भाग संपतो.

तिसरा भाग आमच्याकडे नव्हता. आमच्या भाषेत याला तुटका संच म्हणतात.

“पन त्यापायी काम काऊन थांबवायचं?” मीही नकळत त्यांच्याच बोलीवर आले.

शेवंताने सांगितलं. त्यांच्या टोळीत एक रीत होती. बांधीत सुरू केलेलं गाणं त्याच बांधीत पुरं करायचं. अर्धं टाकलं तर धान पोचट निघतं. शेवंताची सासू गिरजाबाई टोळीत सर्वात मोठी, आणि तिच्या लेखी गाणं काय नि गोष्ट काय, एकच. गोष्ट भाऊंच्या बांधीत सुरू झाली होती. ती संपल्याशिवाय गिरजाबाई कोणाला पुढची ओळ लावू देईना.

“मेला म्हनून सांगा ना,” भाऊ म्हणाले. “कोन पाहाले जाते?”

“जे मी वाचलं नाई, ते कशी सांगू?” शेवंता मान वर करून म्हणाली. “बुढी माया तोंडाकडे पायते, भाऊ. तिले कळते.”

“मंग मी दुसरी टोळी आनतो. पऱ्हे जून होऊन राह्यले.”

पऱ्हे म्हणजे लावणीची रोपं. ती वेळेत लागली नाहीत तर फुटवे कमी धरतात. भाऊंचं खोटं नव्हतं. पण शेवंताच्या टोळीने अध्यक्षांचं शेत अर्ध्यावर सोडलं, अशी बोंब झाली की त्या हंगामात तिला कोणी बोलावणार नव्हतं. पुस्तक मी सुचवलं होतं.

भाऊंकडून मी थोडी मुदत मागून घेतली आणि एसटीडी बूथवरून नागपूरच्या पुस्तकविक्रेत्याला फोन लावला.

“मॅडम, तिसरा भाग मराठीत निघालाच नाही. पहिले दोन खपले नाहीत ना!”

“आणि इंग्रजीत?”

“तो आहे. पाठवू?”

पुस्तक एसटीच्या पार्सलने येणार होतं. तोवर मला काही सुचेना. दोनदा स्टँडवर जाऊन आले. एकाला मागितलेलं पुस्तक सोडून भलतंच दिलं. नागपूरची गाडी आली, पण पार्सल दुसऱ्या गाडीत. कंडक्टर म्हणाला, “म्याडम, दवाई आहे काय?” मी म्हटलं, “तसंच समजा.”

पुस्तक हाती आलं तेव्हा नवीन पेच. माझं इंग्रजी सूचीपत्रापुरतं. लिहून भाषांतर करायला वेळ कुठला? शेवटी डिक्शनरी पिशवीत टाकली आणि सकाळीच काळी-पिवळी जीप पकडून भाऊंच्या शेतावर गेले.

झिमझिम सुरू होती. बाया कमरेत वाकल्या. मी बांधावर उभी राहून वाचू लागले, मनात इंग्रजी, तोंडाने मराठी. अडखळले की गिरजाबाई ओरडायची, “मंग काय झालं वो?” पुस्तक भिजू लागलं, तर छत्री धरायला कोणी नाही. भाऊ कुरकुरत आले आणि छत्री धरून उभे राहिले.

मुलगी जबड्यातून आत गेली. आत अंधार, आणि हजारो आवाज कुजबुजत होते. आई कोणती, कळेना. भाऊंची छत्री हळूहळू पुस्तकावरून सरकली. ते वाकून पान बघत होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

जेवणं झाली, पुन्हा सुरुवात झाली. दिवस कलला तेव्हा बांधीत शेवटचा पट्टा उरला होता आणि माझी बरीच पानं. बायांचे हात झपाझप चालले होते. शेत आधी संपलं असतं तर गोष्ट अर्धीच राहिली असती. शेवंताने माझ्याकडे पाहिलं, मी उरलेली पानं चिमटीत धरून दाखवली. तिचा चेहरा उतरला. मालक डोक्यावर उभा असताना ‘सावकाश लावा’ कसं म्हणणार?

तेवढ्यात माझ्या कानाशी भाऊ खेकसले, “काय घाई आहे वो तुमाले? हळू लावा! बाईचं वाचून होऊ द्या.”

बाया खुदकन हसल्या. हात मंदावले. मुलीने सगळे आवाज मोकळे केले. उरला एकटा ड्रॅगन. त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. मुलीने त्याला मारलं नाही, जाण्याआधी एक शब्द बोलायला शिकवला. तेवढ्यावर पुस्तक संपलं. गिरजाबाईने शेवटचं रोप चिखलात रोवलं आणि कंबर सरळ करून म्हणाली, “बरं केलं पोरीनं.”

संच पूर्ण असल्याशिवाय पहिला भाग कोणाला सुचवू नये, हा धडा मी तेव्हा शिकले. तो पाळायचा ठरवला असता तर आमच्या वाचनालयात सुचवण्यासारखं फारसं काही उरलंच नसतं.