कोरी मांडी

औकुसोचे हात पंजासकट एवढे मोठे होते की गावातल्या बायका त्याला चिडवत, "तुला शहाळं फोडायला कोयता कशाला हवा?" पण त्या हातांचं खरं काम कातडी ताणायचं होतं. गोंदणारा उस्ताद, म्हणजे तुफुगा, रानडुकराच्या सुळ्याची दातेरी फणी काजळीत बुडवून काठीने ठोकू लागला, की खाली आडव्या पडलेल्याची कातडी दोन्ही बाजूंनी घट्ट ताणून धरायची आणि मधून मधून रक्त पुसायचं. सैल कातडीवर रेघ फाटते. औकुसोने धरलेल्या कातडीवर तेवीस वर्षांत एक रेघ फाटली नव्हती.

गोंदणाची भाषा त्याला पाठ होती. कमरेवरची होडी म्हणजे आपण जिथून आलो तो समुद्र. कुशीवरच्या तिरप्या रेघा म्हणजे घराचे वासे. मांडीवरची गोम कशी चालायची आणि समुद्रपक्ष्याचे पंख कुठे वळायचे, हे तो डोळे मिटून सांगे. नवीन पोरं घाबरली की म्हणे, "अंग म्हणजे घर आहे बाबा. आता वासे चढलेत, छप्पर होईपर्यंत उठायचं नाही."

हे ऐकून म्हातारे गालात हसत. कारण खुद्द औकुसो उठला होता.

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. सामोआत हे गोंदण कुणी एकटं घेत नाही. दोघं मिळून घेतात, आलटून पालटून पडतात, एकाचं दुखणं दुसरा वाटून घेतो. औकुसोचा जोडीदार होता पेसामिनो. पाठ झाली, डावी मांडी झाली, आणि सहाव्या दिवशी सकाळी औकुसो आंघोळीला म्हणून गेला तो थेट बोटीने राजधानीला, आपियाला पळाला. पेसामिनोने उरलेलं एकट्याने सोसलं. पंधरा वर्षांनी प्रवाळाच्या कड्याबाहेर मासे मारताना तो बुडाला, तेव्हा त्याचा मुलगा रांगतही नव्हता. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पाठीमागे सगळे एकच बोलले, जोडी मोडली की असंच होतं.

त्याच वर्षी औकुसो जुन्या तुफुगाच्या दारात जाऊन बसला आणि म्हणाला, "मला कातडी धरू द्या."

हात कामाला आले, पण मान मिळाला नाही. ज्याचं गोंदण पुरं झालं आहे त्यानेच सरदारांच्या बैठकीत कावा, म्हणजे मुळांचं मानाचं पेय, घोळावं, त्यानेच वाटी नेऊन द्यावी. औकुसो मागच्या चुलीपाशी तारोचे कंद सोलत बसे. लुंगी नेहमी गुडघ्याखाली. बरोबरीचे हाक मारत, "काय अर्ध्या वटवाघळा, एका पंखाने किती लांब उडालास?" कारण त्या गोंदणाला नावच वटवाघळाचं आहे. औकुसो हसे आणि कंद सोलत राही.

तो अठ्ठावन्न वर्षांचा झाला त्या वर्षी पेसामिनोचा मुलगा लोंगोवी गोंदून घ्यायला उभा राहिला. चोवीस वर्षांचा, बापासारखाच रुंद खांद्यांचा. त्याचा जोडीदार म्हणून ऑकलंडहून चुलतभाऊ यायचा होता. चटया अंथरून झाल्या, तुफुगाला जेवण घालून झालं, आणि निरोप आला की चुलतभावाला सुट्टी मिळत नाही.

तुफुगा आता जुन्या उस्तादाचा मुलगा होता. त्याने फण्या परत गुंडाळायला घेतल्या. "एकट्याला मी हात लावत नाही. त्याच्या बापाचं काय झालं ते माहीत आहे."

औकुसो आपल्या नेहमीच्या जागी, कातडी ताणायला बसला होता. तो म्हणाला, "माझी उजवी मांडी कोरी आहे."

"काका, तुम्ही?" लोंगोवीला हसू आवरेना. "तुम्ही पुन्हा पळालात तर?"

"या गुडघ्यांनी पळून कुठे जाणार? चुलीपर्यंत जायला मला दोनदा टेकावं लागतं."

सगळे हसले. औकुसोची बायको फुआतिनो तेवढी हसली नाही. नवऱ्याला नऊ वर्षांपासून साखरेचा आजार होता. मागच्या वर्षी शिंपला लागून टाच कापली होती, ती पाच महिने भरली नव्हती. दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं, पायाला साधा ओरखडासुद्धा येऊ देऊ नका. तुफुगाला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्याने फणी उचलली नसती.

फुआतिनो बोलायला पुढे झाली, तेवढ्यात तुफुगाने प्रार्थना सुरू केली. प्रार्थना संपली आणि रिवाज लागू झाला. गोंदण चालू आहे तोवर त्या दोन्ही घरांत भांडण नको, उणा शब्द नको, चढा आवाज नको. घरात भांडण झालं की जखम चिघळते. हे तिला आजीने सांगितलं होतं, आईने सांगितलं होतं, आणि तिने स्वतः आपल्या सुनांना सांगितलं होतं. संध्याकाळी तिने कोकोचा पेला त्याच्यापुढे ठेवला, बिनसाखरेचा, आणि एवढंच म्हणाली, "तू सांगणार आहेस ना त्यांना?"

"झालं की सांगतो."

ती पुढे बोलली असती तर भांडण झालं असतं. ती बोलली नाही.

सकाळी लोंगोवी पडे, दुपारी औकुसो. मधल्या वेळात दोघं एकमेकांना धरून समुद्रात उतरत आणि खाऱ्या पाण्यात जखमा चोळून घेत. लोंगोवीच्या रेघांना चौथ्या दिवशी खपली धरली. औकुसोच्या मांडीवर खपली धरत नव्हती. काळ्या रेघांमधली कातडी लाल होत गेली, मग जांभळी. माशा लोंगोवीला सोडून औकुसोकडे येत. फुआतिनो ताडाच्या पंख्याने त्या हाकलत बसे आणि भजनं म्हणे, त्याशिवाय काही नाही. तिच्या थोरल्या सुनेने हळूच विचारलं, "सासूबाई, हा वास कसला?" फुआतिनो म्हणाली, "समुद्राचा."

गुडघा झाला तेव्हा तुफुगाने हात थांबवला. "औकुसो, तुझी कातडी ओल्या भाकरीसारखी का लागते रे?"

"म्हातारी आहे. तुमच्या वडिलांनी अर्धी सोडली, तेव्हापासून वाट बघून शिळी झाली."

बाराव्या सकाळी औकुसोला चटईवरून उठता आलं नाही. अंगात ताप फणफणत होता, पोटरी भोपळ्यासारखी सुजली होती. दोघांचीही फक्त पोटं आणि बेंबी उरली होती. बेंबी शेवटची. ती झाली की घर बंद, गोंदण पुरं. अजून तीन दिवसांचं काम होतं.

फुआतिनोने पंखा खाली ठेवला आणि ती उभी राहिली.

"याला साखर आहे," ती भरल्या घरात मोठ्याने म्हणाली. "नऊ वर्षं. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. आता चिघळायचं ते चिघळलंय, आता मला कुणी गप्प करू नका. गाडी बोलवा."

तुफुगाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने फणी पाण्यात टाकली. "माझ्या हातून हे करवलंस, औकुसो? तेवीस वर्षं आम्हा बापलेकांच्या मांडीला मांडी लावून बसलास, आणि एक शब्द नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही या पोराला परत पाठवलं असतं."

लोंगोवी उठून बसला होता. "गाडी बोलवा. आणि माझंही इथेच थांबवा."

"तू पड खाली."

"जोडी आहे ना, काका? तुम्ही अर्धे तर मी अर्धा."

औकुसोने त्याच्याकडे पाहिलं. जन्मभर लुंगी खाली ओढत, मागच्या चुलीपाशी कंद सोलत बसलेला लोंगोवी त्याला दिसला असावा. तो बायकोकडे वळला. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं.

"फुआतिनो, दुपारपर्यंत. दोघांचं आजच उरकू दे. मग तू म्हणशील तिथे येतो."

"दुपारपर्यंत पाय राहील का तुझा?"

"ते मला माहीत नाही."

ती खाली बसली, त्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि तुफुगाला म्हणाली, "हात चालवा. आणि वर बघू नका."

तीन दिवसांचं काम पाच तासांत झालं. लोंगोवीच्या पोटाची कातडी ताणायला औकुसो सरकत सरकत पुढे आला, आजारी पाय उशीवर टाकून. तरी कातडी सैल पडली नाही. मग तो स्वतः आडवा झाला आणि लोंगोवीने, ओल्या जखमांनिशी वाकून, आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची कातडी धरली. कुणी गात नव्हतं. काठीचा आवाज तेवढा येत होता. शेवटचा ठोका बेंबीवर पडला तेव्हा औकुसोचे डोळे उघडे होते, पण तो कुणाकडे पाहत होता ते कळत नव्हतं.

गोंदण पुरं झाल्याच्या रिवाजाप्रमाणे दोघांच्या डोक्यावर अंडी फोडली, अंगाला हळदीचं तेल चोपडलं. म्हाताऱ्या सरदाराने औकुसोला पूर्ण नावाने हाक मारली. औकुसोने ओठ तेवढे हलवले.

पिकअप गाडीत मागे गादी टाकली. दवाखाना तासाभराच्या वाटेवर होता. जोडीदाराला एकटं सोडायचं नसतं, म्हणून लोंगोवी पायाशी बसला. खड्ड्यांत पाय आपटू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी तो उचलून धरला. पायाची बोटं काळसर आणि थंड पडली होती. त्याने अंगठा दाबला, मग जोरात दाबला.

"काका, लागतंय का?"

औकुसोने मान थोडी उचलून खाली पाहण्याचा प्रयत्न केला.

"कुठला पाय धरलायस तू?"

फुआतिनोने ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर मूठ आपटली, आणि गाडीचा वेग वाढेपर्यंत ती आपटत राहिली.